नव्या यंत्राला घाबरू नका, त्याच्या आहारीही जाऊ नका



शिरूर अनंतपाळच्या माझ्या दवाखान्यात एकाच आठवड्यात दोन पेशंट आले. ओळख पटू नये म्हणून थोडे तपशील बदलून सांगतो.

पहिल्या होत्या सत्तरीच्या आजी. बीपीचा त्रास जुना. मुलाने पुण्याहून डिजिटल बीपी मशीन पाठवले होते. मी विचारले, "आजी, घरी बीपी किती येतो?" त्या म्हणाल्या, "मशीन कपाटात ठिवलंय बाबा, फडक्यात बांधून. माझ्या हातनं बिघडलं तर? पोरगं दिवाळीला येईल तवा बगू." मशीन घरात येऊन चार महिने झाले होते. त्या दिवशी त्यांचा वरचा बीपी १८४ होता.

दुसरे होते निवृत्त गुरुजी. त्यांच्याकडे तसेच मशीन, शिवाय मनगटावर स्मार्टवॉच. दिवसातून दहा-बारा वेळा बीपी बघायचे आणि आकडा जास्त दिसला की आपल्या मनाने गोळी वाढवायचे. एका पहाटे उठताना चक्कर येऊन पडले आणि हाताचे हाड मोडले. आकड्यांची वही त्यांनी सोबत आणली होती. बहुतेक नोंदी चहा घेतल्याबरोबर किंवा टीव्हीवर बातम्या बघता बघता केलेल्या.

आजींना यंत्राची भीती, गुरुजींना यंत्राचे वेड. नुकसान दोघांचेही झाले. यंत्र बिचारे दोन्हीकडे ठीकच होते. चुकले ते त्याच्याकडे बघण्यात. म्हणून आज एखाद्या आजाराऐवजी या "बघण्या"विषयी लिहितो आहे. त्यासाठी थोडा इतिहास सांगावा लागेल, कारण भीती आणि वेड ही दोन्ही दुखणी मोबाईलच्या फार आधीची आहेत आणि आम्हा डॉक्टरांनाही ती झालेली आहेत.

कागदाची सुरळी

डॉक्टरच्या गळ्यातला स्टेथोस्कोप आज तुम्हाला जुनापुराणा वाटतो. १८१६ साली तो नवा होता. पॅरिसमध्ये रेने लेनेक नावाचे डॉक्टर एका तरुण स्त्रीला तपासत होते. त्या काळी हृदयाचे ठोके ऐकायचे तर डॉक्टर सरळ छातीला कान लावत. लेनेक यांना ते प्रशस्त वाटेना. त्यांनी कागदाची घट्ट सुरळी केली, एक टोक तिच्या छातीवर आणि दुसरे आपल्या कानाला लावले. ठोके नुसत्या कानापेक्षा जास्त स्पष्ट ऐकू आले. पुढे त्यांनी लाकडी नळी बनवली आणि १८१९ साली त्यावर पुस्तक लिहिले.

पण महत्त्वाचे पुढेच आहे. नळीतून आवाज ऐकू येणे हा फक्त अर्धा शोध होता. कोणत्या आवाजाचा अर्थ काय, हे शोधण्यात लेनेक यांची पुढची वर्षे गेली. जिवंतपणी ऐकलेला आवाज ते लिहून ठेवत आणि रुग्ण दगावल्यास शवविच्छेदनात फुप्फुस कसे दिसते ते त्याच्याशी ताडून बघत. नळी काय सांगते आणि खरे काय आहे, याचा मेळ त्यांनी घातला.

तरीही पुष्कळ जुन्या डॉक्टरांनी नाके मुरडली. "इतकी वर्षे कानाने ऐकत आलो, आता ही नळी कशाला?" याउलट काही तरुण डॉक्टर नळीवर इतके भाळले की त्यांना जिथे तिथे रोग ऐकू येऊ लागले. अमेरिकेतले डॉक्टर आणि कवी ऑलिव्हर वेंडेल होम्स यांनी १८४८ मध्ये यावर एक विनोदी कविता लिहिली. एका तरुण डॉक्टरच्या स्टेथोस्कोपमध्ये माश्या अडकतात, त्यांची गुणगुण त्याला छातीतून आल्यासारखी वाटते आणि तो पेशंटला भयंकर आजार सांगत सुटतो! आमच्या गुरुजींची आठवण झाली ना?

अरुंद पट्टा

आता बीपीकडे येऊ. १८९६ साली इटलीतल्या रिवा-रोची यांनी दंडाला हवेचा पट्टा बांधून, पाऱ्याच्या नळीवर रक्तदाब मोजायची सोपी पद्धत दाखवली. पट्टा फुगवायचा आणि मनगटावरची नाडी लागायची बंद झाली की आकडा वाचायचा. म्हणजे वरचा बीपी तेवढा कळायचा. १९०५ मध्ये रशियातल्या निकोलाय कोरोत्कोव्ह यांनी पट्ट्याखाली स्टेथोस्कोप ठेवून आवाज ऐकायला सांगितले. तेव्हापासून खालचा आकडाही मिळू लागला.

पण या यंत्रात एक खोट होती. रिवा-रोची यांचा पट्टा जेमतेम पाच सेंटिमीटर रुंद होता. अरुंद पट्ट्याने शीर दाबायला जास्त जोर लागतो, त्यामुळे आकडा खऱ्यापेक्षा जास्त यायचा. १९०१ मध्ये जर्मनीतल्या फॉन रेकलिंगहाउझेन यांनी ही चूक दाखवली आणि पट्टा रुंद करायला लावला.

ही जुनी गोष्ट आजही तुमच्या घरात घडते. जाड दंडाला लहान पट्टा बांधला की डिजिटल मशीनसुद्धा बीपी वाढवूनच दाखवते. पडद्यावर आकडे ठळक दिसतात म्हणून ते बरोबर असतातच असे नाही.

हाली रुपया ते फोनवरचा रुपया

तुम्ही म्हणाल, "ते मोठे डॉक्टर होते. आमचं काय? आमचं वय झालं, आता नवीन शिकणं होत नाही."

थोडे थांबा. आपल्या मराठवाड्यातल्या जुन्या पिढीने काय काय बदलताना पाहिले ते आठवा. १९४८ पर्यंत आपण निजामाच्या राज्यात होतो. बाजारात हाली सिक्का चालायचा. हैदराबाद संस्थान भारतात आले, तेव्हा सात हाली रुपयांना सहा कलदार रुपये असा भाव धरला गेला. तो हिशेब अंगवळणी पडतो न पडतो तोच १ एप्रिल १९५७ पासून नवे पैसे आले. रुपयाचे सोळा आणे गेले, शंभर पैसे झाले. पाठोपाठ शेर-छटाक जाऊन किलो-ग्रॅम आले. भाजीचा वाटा विकणारी, एकही यत्ता न शिकलेली बाई या सगळ्यातून गेली. रोजचा व्यवहार तिने बुडू दिला नाही.

हे कसे जमते? अशा वेळी माणूस एक साधा प्रश्न विचारत राहतो: "म्हणजे जुन्या हिशेबाने किती?" नवी गोष्ट ओळखीच्या गोष्टीला जोडून घ्यायची, चार जणांना विचारायचे आणि विचारताना लाजायचे नाही. त्याच बाईची नात आज मोबाईलवर पैसे घेते. बदल आपल्याला नवा नाही. यंत्र तेवढे नवे आहे.

लाल मणी

ज्याला यंत्र वापरायचे आहे त्याच्या सोयीने ते बनवले तर काय होते, याचे उत्तम उदाहरण आपल्या महाराष्ट्रातच आहे.

डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ साली गडचिरोलीत 'सर्च' ही संस्था सुरू केली. तिथे लहान मुले न्यूमोनियाने दगावत होती. न्यूमोनिया ओळखण्याची एक सोपी खूण म्हणजे श्वासाचा वेग. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचा श्वास मिनिटाला ६० किंवा त्याहून जास्त, दोन महिने ते एक वर्षाच्या बाळाचा ५० किंवा त्याहून जास्त असेल, तर धोका समजायचा. पण गावात बाळाजवळ असणारी दाई लिहायला-वाचायला शिकलेली नसे. काहींना दहा-बाराच्या पुढे मोजताही येत नसे. मग साठ श्वास मोजायचे कसे?

त्यांनी एक साधे साधन तयार केले. लाकडी चौकटीत एक मिनिटाची वाळूची घडी आणि शेजारी तारेत ओवलेले मणी. दहा श्वास मोजले की एक मणी सरकवायचा. पुन्हा एकपासून दहापर्यंत. वाळू संपायच्या आत लाल मणी सरकवायची वेळ आली, तर बाळाला न्यूमोनिया आहे असे धरायचे आणि औषध सुरू करायचे. दहापर्यंत मोजता आले की बस.

पुढे याच भागात गावातल्या स्त्रियांना नवजात बाळाची घरीच काळजी घ्यायला शिकवले गेले. १९९९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात त्याचे निष्कर्ष आले. तिसऱ्या वर्षापर्यंत त्या गावांतले नवजात बालमृत्यू, तुलनेसाठी घेतलेल्या गावांच्या मानाने, ६२ टक्क्यांनी कमी झाले होते. तुमच्या घरी बाळंतपणानंतर आशाताई वजनकाटा आणि थर्मामीटर घेऊन येते ना? २०११ पासून देशभर सुरू झालेल्या त्या गृहभेटींमागे गडचिरोलीचा हा अनुभव आहे.

यातून मी एक गोष्ट शिकलो. एखाद्याला यंत्र जमत नसेल, तर आधी यंत्र आणि शिकवण्याची पद्धत तपासावी. माणसाला अडाणी ठरवायची घाई करू नये.

आशाताईने आपल्या बोटाला लावले

आता आपल्याच भागातला एक प्रसंग सांगतो.

सप्टेंबर २०२० मध्ये राज्यात 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' ही मोहीम सुरू झाली. पथके ताप बघायचे यंत्र आणि ऑक्सिमीटर घेऊन घरोघर फिरू लागली. बोटाला चिमट्यासारखे लागणारे ते यंत्र गावात बहुतेकांनी पहिल्यांदाच पाहिले. ते बोटातून लाल आणि डोळ्यांना न दिसणारा अवरक्त, असे दोन प्रकाश पाठवते. प्राणवायू असलेले आणि नसलेले रक्त हे प्रकाश वेगवेगळ्या प्रमाणात शोषते. त्यावरून टक्केवारी काढली जाते. हे तत्त्व जपानच्या ताकुओ आओयागी यांनी १९७४ मध्ये मांडले. एप्रिल २०२० मध्ये, सगळे जग त्यांच्या शोधावर अवलंबून असताना, ते वारले.

२०२१ च्या उन्हाळ्यात दुसरी लाट जोरात होती. जवळच्या एका गावात आशाताई एका घरी गेली. घरातले कर्ते पुरुष, वय पन्नाशीचे, तीन दिवस तापात होते. पण खाटेवर बसून फोनवर बोलत होते. ऑक्सिमीटरवर आकडा आला ८४. ते हसले, "ताई, तुमचं मशीन खोटं आहे. मला काय झालंय?"

आशाताईने वाद घातला नाही. तिने यंत्र आपल्या बोटाला लावले. ९७. मग त्यांच्या सुनेच्या बोटाला. ९८. मग परत त्यांच्या, दुसऱ्या हाताच्या बोटाला. ८४. घर गप्प झाले. तासाभरात ते लातूरच्या वाटेला लागले. बरेच दिवस ऑक्सिजनवर राहून घरी परतले. कोविडमध्ये कित्येकांचा प्राणवायू खाली जायचा आणि धाप मात्र लागायची नाही. त्या दिवशी नुसत्या डोळ्यांवर विश्वास ठेवला असता, तर कदाचित उशीर झाला असता.

पण त्याच काळात उलटेही घडले. मेंदी किंवा नेलपॉलिश लावलेल्या बोटाला, नाहीतर गार पडलेल्या हाताला यंत्र लावून चुकीचा आकडा आला आणि घरच्यांची रात्र धावपळीत गेली, असेही पेशंट मी पाहिले. मोबाईलवर बोट ठेवून ऑक्सिजन मोजतो असे सांगणारी बनावट अ‍ॅपे निघाली आणि सरकारला त्याबद्दल सावध करावे लागले. परदेशातल्या अभ्यासात असेही दिसले की गडद त्वचेच्या काही रुग्णांमध्ये ऑक्सिमीटर खऱ्यापेक्षा जास्त आकडा दाखवू शकतो. म्हणून पेशंट घाबरा दिसत असेल, ओठ निळसर असतील, तर आकडा चांगला असला तरी दवाखाना गाठायचा.

त्या आशाताईने जे केले तेच लेनेक यांनी केले होते. यंत्र नाकारले नाही आणि डोळे मिटून मानलेही नाही. ताडून पाहिले.

तीन प्रश्न

म्हणून कोणतेही नवे यंत्र, अ‍ॅप किंवा कार्ड समोर आले की स्वतःला तीन प्रश्न विचारा.

पहिला: हे नेमके काय करते?

आभा क्रमांकाचेच बघा. आयुष्मान भारत डिजिटल मिशन २७ सप्टेंबर २०२१ रोजी देशभर सुरू झाले. त्यात मिळणारा आभा हा १४ अंकी क्रमांक तुमचे रिपोर्ट, चिठ्ठ्या आणि नोंदी एकत्र जोडण्यासाठी आहे. तो विमा नाही. ऑपरेशनचा खर्च त्यातून होत नाही, त्यासाठीची योजना आणि कार्ड वेगळे असते. हा गोंधळ माझ्याकडे नेहमी दिसतो. पेशंट ऑपरेशनच्या वेळी आभा कार्ड पुढे करतात आणि ऐनवेळी घरच्यांची तारांबळ उडते. तसेच ई-संजीवनीचे. उपकेंद्रावर बसून मोबाईल किंवा संगणकावर दूरच्या डॉक्टरांशी बोलता येते. जुन्या गोळ्या चालू ठेवायच्या का, रिपोर्ट काय सांगतो, अशा गोष्टींसाठी ते फार उपयोगी आहे. पण छातीत दुखत असेल किंवा तोंड वाकडे झाले असेल, तर फोनवर वेळ घालवू नका. १०८ ला फोन करा.

दुसरा: हे कशात चुकते?

बीपी मशीनचे सांगतो. मोजण्याआधी अर्धा तास चहा, तंबाखू, मिश्री नको. लघवीला जाऊन या. पाठ टेकवून, पाय जमिनीवर ठेवून पाच मिनिटे शांत बसा. पट्टा उघड्या दंडावर आणि दंड छातीच्या पातळीवर हवा. मोजताना बोलू नका. एका मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजा. सकाळ-संध्याकाळ असे सात दिवस करा. पहिला दिवस सोडून बाकीच्यांची सरासरी आम्ही बघतो. ती १३५/८५ किंवा त्याहून जास्त असेल तर बीपी वाढलेला समजतो. एकट्या-दुकट्या आकड्यावर गोळी बदलत नाही. नाडी अनियमित असेल तर ही मशीन चुकू शकतात, तेव्हा वर्षातून एकदा आपले मशीन दवाखान्यात आणून आमच्या मशीनशी ताडून बघा.

तिसरा: चुकले तर मी कुणाला विचारणार?

ओटीपी मागणारा फोन आला तर तो कुणाचा, हे कळायला मार्ग नसतो. म्हणून फोनवर ओटीपी सांगायचाच नाही. दवाखान्यात तुमच्या समोर, तुमच्या कामासाठी, विचारून घेतला तर गोष्ट वेगळी. आता मोबाईलमधला एआय रिपोर्ट वाचून उत्तर देतो. विचारायला हरकत नाही. पण तुमची जुनी दुखणी, चालू गोळ्या आणि तुमचा चेहरा त्याला माहीत नसतो. उत्तर घ्या, ते घेऊन माझ्याकडे या आणि विचारा, "डॉक्टर, हे बरोबर आहे का?" मला त्याचा राग येत नाही.

आणि कागद फेकू नका. मोबाईल हरवतो, नेट जाते. जुनी फाईल पिशवीत असू द्या.

दोष नेहमी तुमचा नसतो

एक गोष्ट आवर्जून लिहितो. १ मे २०२१ पासून १८ ते ४४ वयाच्या लोकांना लस घ्यायची तर आधी कोविन पोर्टलवर नाव नोंदवणे सक्तीचे झाले. जागा उघडताच मिनिटांत भरायच्या. तेव्हा शहरातली मुले मोबाईलवर नंबर लावून खेड्यातल्या केंद्रावर येऊन लस घेऊन गेली आणि गावातले लोक बघत राहिले, असे अनेक ठिकाणी झाले. पुढे केंद्रावरच नाव नोंदवायची सोय करावी लागली. तिथे गावकरी कमी पडले नव्हते. त्यांचा विचार आधी झाला नव्हता. म्हणून एखादे अ‍ॅप जमले नाही तर मनात कमीपणा आणू नका. "मला हे येत नाही, दुसरी सोय काय आहे?" हे खिडकीवर मोठ्याने विचारायचा तुम्हाला हक्क आहे.

शेवटी आजींचे सांगतो. त्या दिवशी मशीन उलगडून मी त्यांच्याच हाताने तीन वेळा बीपी मोजून घेतला. बटण एकच. चुकीचे दाबले तर मशीन बंद होते, बिघडत नाही, हे त्यांनी मुद्दाम दोनदा चुकीचे दाबून बघितले. आकडे लिहिता येत नाहीत, ही अडचण त्यांनीच सोडवली. पडद्यावर जसे दिसते तसे चित्रासारखे उतरवायचे. आठ दिवसांनी त्या भिंतीवरचे कालनिर्णयच घेऊन आल्या. दुधाच्या हिशेबाच्या खाली, रोजच्या चौकटीत, वाकडेतिकडे पण बरोबर आकडे. त्यावरून मी त्यांची गोळी बदलली.

गुरुजींची उलट झाली. मापे नीट घेतल्यावर त्यांचा बीपी जुन्या गोळीवर ठीकच निघाला. वाढवलेली गोळी बंद केली. आता ते सांगितलेल्या दिवशी, दोनच वेळा मोजतात. हाताचे प्लास्टर निघाले आहे.

तुमच्या कपाटातही एखादे मशीन फडक्यात बांधून ठेवलेले असेल, तर पुढच्या वेळी दवाखान्यात घेऊन या. आपण दोघे मिळून उघडू.